जुन्या उसणीला जड पाय

पहिला दिवस. तीन बोटं.

"दोरी मानेच्या मणक्यावर धर. गोळा खाली सोड. हालू देऊ नको."

आबासाहेब उंबऱ्याबाहेर, आतल्या खोलीकडे पाठ करून बोलत होते. आत धुरपताबाईने लेकीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं आणि तिच्या उघड्या पाठीवर गवंड्याचा ओळंबा धरला होता.

"आता बघ, पाठीची पन्हाळ दोरीपासून किती सरकली?"

"तीन बोटं."

"कुणाची बोटं?"

"माझीच. तुमची कुठून आणू?"

"थट्टा नको. नीट मोज."

"तीनच हायेत. मोजून का कमी व्हायलीत?"

ओळंबा गेल्या साली विहीर बांधताना घरात आला. गवंडी गेला, ओळंबा आबासाहेबांनी ठेवून घेतला. तेव्हापासून त्यांनी तो दाराच्या चौकटीला, गोठ्याच्या भिंतीला, तुळशीच्या ओट्याला लावून पाहिला होता आणि सगळीकडे काही ना काही वाकडं निघालं होतं. आता चतुरा. तेरा वर्षांची लेक. उजव्या खांद्यामागचं हाड वर आलेलं, डावी कूस आत दबलेली. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मग परकराचा घेर एका बाजूने वर दिसायला लागला. आईने नाडी खाली बांधून पाहिली. घेर पुन्हा वर.

अवसेनंतरच्या शुक्रवारी गंगाखेडची माणसं तिला बघायला येणार होती.

कोपऱ्यात सारजाबाई तेलाची वाटी घेऊन बसली होती. पन्नाशीची, वाळलेली, बोरी गावातलीच. बाळंतिणी आणि लेकरं चोळायचं तिचं काम. पण तिला गाव ओळखायचं ते दुसऱ्याच कारणाने. ती पायाळू होती. आईच्या पोटातून पायाकडून आलेली. पायाळू माणसाची टाच लागली की कमरेत भरलेली उसण उतरते, हे बोरीत लेकरालाही ठाऊक होतं. माणूस पालथा निजायचा, सारजाबाई न बोलता डावी टाच तीनदा टेकवायची, माणूस उठायचा, कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "गेली." कुठे गेली ते सारजाबाईला कधीच कळलं नाही.

चतुराने अंग झाकल्यावर आबासाहेब आत आले.

"सारजाबाई, परभणीच्या डाक्टरनं काय सांगितलं ठाऊक हाय का? औषध न्हाई म्हणला."

"मंग?"

"मंग काय? औषध न्हाई म्हणजे रोग न्हाई. रोग न्हाई म्हणजे उसण. ल्हानपणी भरली असंल. कुणी उतरवली न्हाई. पोरीसंगं वाढली."

"इतकी जुनी उसण म्या कधी उतरवली न्हाई, आबासाहेब."

"म्हणून तर सांगायलोय. सात दिस तेल चोळून पाठ मऊ करा. आठव्या दिशी अवस हाय. अवसंला भर दुपारी पाय द्या. आन् जुन्या उसणीला जड पाय लागतो. तुमी तर तुराटीसारख्या. म्हणून खांद्यावर अर्धं पोतं जवारी घ्यायची. आमचा गडी चढवील."

सारजाबाई हसली. तिला वाटलं, ही थट्टाच.

बाकी कुणी हसलं नाही.


सटवाजीची गोष्ट, गाव सांगतं तशी.

सटवाजी पिंगळीच्या टेसनावर कापसाच्या गाठी उचलायचा. उसण भरली. बैलगाडीत आडवा घालून बोरीला आणला. सारजाबाईनं पाय दिला. उठला आणि चालत घरी गेला. पुढे दोन बाजारांनी, म्हणजे पंधरवड्याने, त्याच्यावरून वारं गेलं, डावा पाय लुळा पडला. ती देवाची करणी. पण टाच खरी. गाडीत आलेला माणूस चालत गेला.


सटवाजीची गोष्ट, सारजाबाईला ठाऊक आहे तशी.

तो म्हणाला, "जोरात, बाई." तिने एक पाय दिला. तो म्हणाला, "काय मुंगी चालायलीय का?" बघणारे हसले. तिने दोन्ही पाय दिले.

कट्.

वाळली काडी मोडते तसं नाही. भाकरीच्या घासात खडा लागतो तसं. आणि तो आवाज कानाला आला नाही, टाचेला आला. बाकी कुणालाच आला नाही.

सटवाजी म्हणाला, "गेली."

अजून बाजारात दिसला की तो काठी काखेत धरून तिला दोन्ही हात जोडतो. ती वाट बदलते. चार वर्षं झाली. कुणालाच सांगितलं नाही. देवाला सांगायला गेली होती, पण देवळात माणसं होती.


दुसरा दिवस. तीन बोटं.

करडईचं तेल, त्यात ओवा कढवलेला. चतुरा पालथी. सारजाबाईची बोटं कमरेपासून वर निघाली. एक मणका. दोन. तीन. मग बोटं डावीकडे जायला लागली आणि तिने त्यांना सरळ आणलं. सरळ रेषेत मणकाच नव्हता. नुसतं मांस. ती परत खाली आली. पुन्हा निघाली. या वेळी बोटांना मोकळं सोडलं. बोटं आधी डावीकडे गेली, मग वळली, मग उजवीकडे लांब गेली, आणि मानेजवळ पुन्हा मध्ये आली. ओढ्याकाठची पाऊलवाट असते तशी. पाण्याने नेली तशी गेलेली, पण कुठेच तुटलेली नाही.

उसण अशी नसते. उसण गाठ असते, बोटाखाली कळते, दाबलं की माणूस ओरडतो. इथे गाठ नव्हती. इथे सगळी पाठच अशी वाढली होती.

टाच कुठे ठेवायची मग?

उंच हाडावर ठेवली तर खाली बरगड्या. मधल्या पन्हाळीवर ठेवली तर पन्हाळ मध्ये नाही. अर्ध्या पोत्याने…

तिने हा विचार तिथेच सोडला. हात चालू ठेवले.

"मावशी, तुमचे हात चुकायलेत," चतुरा जमिनीकडे तोंड करून म्हणाली.

"म्हातारपण, माय."

"काल तर न्हवतं."


तिसरा दिवस. तीन बोटं.

सारजाबाईला जे येत होतं: अंगठ्याने दोरीसारखी ताठलेली नस हळूहळू सैल करणं. खांद्याखाली तळवा सरकवून हाड उचलून धरणं. लेकराच्या पोटातला वारा काढणं. कण्हणं खरं की लाडाचं, ते ओळखणं.

जे येत नव्हतं: हाडं.


चौथा दिवस. तीन बोटं.

"मावशी, एक सांगू? आबाला सांगू नका."

"सांग."

"डाक्टर अजून एक म्हणला होता. आबा तुमाला सांगत न्हाईत ते."

सारजाबाईचे हात थांबले.

"म्हणला, जोर नक्को देव. हाडाँ कच्चे हैं. नुसतं श्वासाचं करा म्हणला, हळूहळू. आबा भाईर आल्यावर म्हणले, लय शिकलेली माणसं भित्री असतात."

बाहेर आबासाहेब लिंबाजीला काहीतरी सांगत होते. लिंबाजी हा त्यांचा सालगडी. पोतं कोणतं काढायचं, ते विचारत होता. जुन्या जवारीचं की नव्या. जुनी हलकी पडते म्हणत होता.

"श्वासाचं काय करा म्हणला?"

"ते न्हाई समजलं. उर्दूत बोलला."

सारजाबाईने वाकळेची घडी केली आणि चतुराला उजव्या कुशीवर निजवलं. घडी वर आलेल्या फासळ्यांखाली दिली. डावा हात डोक्यावरून लांब ओढून दिला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ओझ्याने कलंडलेली गाडी उचलताना खालच्या बाजूला टेकू देतात, इतकंच तिला ठाऊक होतं. मग तिने दबलेल्या डाव्या कुशीवर हात ठेवला. थंड. तिने ठेवलेला हात श्वासाने वर होत नव्हता, खाली होत नव्हता. सगळा श्वास पलीकडच्या बाजूने चालला होता.

"इथं श्वास घे."

"कुठं?"

"माझ्या हातात."

"हातात कसा घेऊ? नाकानं घेत्यात." चतुरा हसली, आणि हसताना कूस हलली.

"बघ, हासायला येतंय ना तिथून? तसाच घे."

आत.

काही नाही.

आत.

काही नाही.

आत. हळू. घाई कामून करायलीस?

आत.

आणि हाताखाली काहीतरी उचललं गेलं. पिल्लू कुशी बदलतं तेवढंच. सारजाबाईने हात काढला नाही. पोरीच्या पाठीत दोन वर्षं कुणी न गेलेली खोली होती आणि तिचं दार आत्ता बोटभर उघडलं होतं.

आत. थांब. सोड.

चतुरा तशीच झोपी गेली. दुखण्यामुळे तिला दिवसा झोप लागत नसे, असं धुरपताबाई नंतर म्हणाली.

सारजाबाईला आनंद व्हायला हवा होता. तिला घाम फुटला. आतापर्यंत ती एका पाठीवर पाय देणार होती. आता त्या पाठीच्या आत काय आहे, ते तिच्या हाताला ठाऊक झालं होतं.


पाचवा दिवस. मोजलं नाही. ओसरीत, धुरपताबाई आणि सारजाबाई.

"वैनी, म्या पाय देत न्हाई."

"असं म्हणू नका."

"हातानं करते. वरीसभर करते. रोज येते. पोरीचं दुखणं कमी व्हायलंय, तुमी बघायलात ना?"

"दुखणं कुणाला दिसतंय, सारजाबाई? पाठ दिसती."

"पाठ सरळ व्हायची न्हाई. टाचेनं पण न्हाई."

"मंग ते भुजंगाला आणतेत." भुजंग म्हणजे पिंगळीचा हाडं बसवणारा, तालमीतला गडी. "त्याला सांगावा गेलाय. तुमी न्हाई म्हणाल तर तो यायचाय. तो काय करतो, ठाऊक हाय ना?"

सारजाबाईला ठाऊक होतं. काखेत दोर घालून तो माणसाला आढ्याला टांगायचा, आणि खालून पाय ओढायचा.

"तुमी बाईमाणूस," धुरपताबाई म्हणाली. "तुमचा पाय हलका पडंल म्हणून म्या तुमचं नाव सुचवलं. त्यायनी पोतं काढलं. मला काय ठाऊक, ते पोतं काढतील म्हणून?"

ती रडली नाही. ती ज्वारी निवडत होती. खडे वेगळे काढत होती. निवडलेली ज्वारी त्याच पोत्यात जात होती.


सहावा दिवस. अडीच बोटं.

धुरपताबाई ओरडली, "अडीच! अवो, अडीच बोटं!"

उंबऱ्याबाहेर आबासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "बघा! हातानं अर्धं बोट गेलं. टाचेनं सगळंच जाईल."

सारजाबाई म्हणाली, "आबासाहेब, आत्ताच चोळून उठली ती. अंग सैल हाय. जरा येळानं मोजा."

"उगं अपशकुन करू नका."

सातवा दिवस. तीन बोटं. आबासाहेब म्हणाले, दोरी हलली.


आठवा दिवस, अजून उजाडला नाही तेव्हा सारजाबाईने मनात पाहिला तसा. पहिल्यांदा.

ती हळूच पाय टेकवते. सगळं वजन दुसऱ्या पायावर. कुणाला कळत नाही. पोर उठते. पाठ तशीच. आबासाहेब म्हणतात, "टाच हलकी पडली." भुजंग येतो.

दुसऱ्यांदा.

ती खरा पाय देते. कट्. पोर म्हणते, "गेली." उठते. शुक्रवारी चार पावलं चालून पाहुण्यांना दाखवते. पुढे दोन बाजारांनी…

तिसऱ्यांदा.

ती पहाटेच गाव सोडून बहिणीकडे निघते. वाटेत तिला भुजंग भेटतो. बोरीकडे निघालेला. खांद्यावर दोर.

उजाडलं. चौथं काही सुचलं नाही.


अवस. भर दुपार.

घोंगडी अंथरलेली. चतुरा पालथी, अंगावर पातळ लुगड्याची घडी. तोंड भिंतीकडे. तिचे हात दोन्ही बाजूंना, मुठी आवळलेल्या. लिंबाजीने पोतं आणून ठेवलं. आज आबासाहेब आतच थांबले. पोतं नीट चढतं की नाही ते त्यांना बघायचं होतं.

"मावशी," चतुरा भिंतीला म्हणाली, "सांगताल ना, पाय द्यायच्या आधी?"

"सांगते."

"न सांगता देऊ नका."

"न्हाई देत."

"पाय देताना बोलायचं नसतं," आबासाहेब म्हणाले. "लिंबाजी, घे."

लिंबाजीने पोतं सारजाबाईच्या डाव्या खांद्यावर चढवलं. गुडघे वाकले. तिने भिंतीला हात लावला आणि उभी राहिली. तोंडात ज्वारीची धूळ. तिने डावा पाय उचलला आणि पोरीच्या पाठीवर ठेवला. नुसता ठेवला. वजन मागेच होतं.

टाचेखाली श्वास चालला होता. आत. सोड. आत. पोर जोर लावून डाव्या कुशीत श्वास घेत होती. शिकवलेलं करत होती. तिला वाटत होतं, नीट श्वास घेतला तर मावशीचा पाय हलका पडेल.

सारजाबाईने पाय मागे घेतला.

"काय झालं?" आबासाहेबांनी विचारलं.

तोंड उघडलं तर आपण काय बोलू, याचीच सारजाबाईला भीती वाटत होती. सटवाजीचं नाव निघेल असं वाटलं. निघालं भलतंच.

"वजन किती पडतंय ते ठाऊक न्हाई मला."

"अर्धं पोतं. मापून घेतलंय."

"पोत्याचं न्हाई. पाठीवर किती पडतंय ते. पोत्यासंगट म्या कधी पाय दिला न्हाई, आबासाहेब. आधी एका सरळ पाठीवर देऊन बघावं लागंल. मंग वाकड्या."

आबासाहेबांनी पोतं नजरेनं तोललं. गोष्ट मोजण्याची होती. मोजण्याला ते नाही म्हणू शकत नव्हते.

"लिंबाजी, निज."

"मालक, माझी कुठं सरळ हाय? पोती उचलून इळ्यासारखी वाकलीय."

"तुमचीच हाय सरळ," धुरपताबाई म्हणाली.

ती नवऱ्याकडे बघत नव्हती. पोरीच्या पायावरून घसरलेली लुगड्याची कड नीट करत होती.

"माझी?"

"गावात तुमीच म्हणता, ओळंब्यासारखी हाय म्हणून."

लिंबाजीला हसू आलं, त्याने तोंड फिरवलं. आबासाहेबांनी पागोटं काढलं. सदरा काढला. "मी काय भितो का?" म्हणाले, आणि लेकीच्या शेजारी जमिनीवर पालथे निजले. बाप आणि लेक, दोघांची तोंडं एकाच भिंतीकडे.

सारजाबाईने टाच त्यांच्या मणक्याजवळ ठेवली आणि वजन पुढे घेतलं. दुसरा पाय उचलला.

आबासाहेबांच्या तोंडातून आवाज निघाला. तो शब्द नव्हता. कातड्याच्या मोटेतून पाणी एकदम सांडतं तसा सगळा श्वास बाहेर पडला, आणि आत यायला जागाच उरली नाही. त्यांचा हात जमिनीवर आपटला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा आपटला तेव्हा हळू.

उतर, उतर, सारजाबाई स्वतःला म्हणत होती. पण खांद्यावर पोतं, मागे पाऊल टाकायला तोल नाही, पुढे पोर निजलेली. पोतं सोडलं तर ते पोरीवर पडेल. लिंबाजी दारात दगडासारखा. "पोतं धर!" ती ओरडली. तो हलला नाही. धुरपताबाईने धावत येऊन पोत्याचं एक टोक मिठीत घेतलं, तेव्हा सारजाबाई कलंडत खाली आली.

किती वेळ झाला असेल? पापड भाजतो तेवढा.

आबासाहेब गुडघ्यांवर, हातांवर. तोंड राखेसारखं. लाळ जमिनीवर. ते श्वास ओढत होते आणि प्रत्येक श्वासाला दार उंबऱ्याला घासल्यासारखा आवाज येत होता. सारजाबाईची टाच जळत होती. आबासाहेबांच्या पाठीत काही मोडल्याचं तिला कळलं नव्हतं. पण कळलं नाही म्हणजे मोडलं नाही, असं कुणी सांगावं?

"आबा?" चतुराने तोंड वळवलं. "आबा, काय झालं? आबा?"

ते तिच्याकडे बघत राहिले. इतक्या जवळून त्यांनी तिला पाळण्यात असताना पाहिलं असेल. मग त्यांची नजर तिच्या पाठीवर गेली. आठ दिवस जी पाठ त्यांनी दोरीने मोजवून घेतली आणि एकदाही पाहिली नाही, ती लुगड्याखाली वरखाली होत होती. लहान. एका बाजूने जास्त, एका बाजूने कमी.

"आज नको," ते म्हणाले.

"मंग कवा, मालक?" लिंबाजीने विचारलं.

आबासाहेब भिंत धरून बाहेर गेले. पागोटं तिथेच राहिलं.


त्यानंतर.

शुक्रवारी गंगाखेडची माणसं आली. जेवली. चतुराने पाणी दिलं. पाहुण्यांमधल्या एका बाईने तिला वाकून काहीतरी उचलायला सांगितलं, आणि तिने उचललं. "कळवताव," म्हणून ती माणसं गेली. अजून कळवलेलं नाही.

भुजंगाचा सांगावा मोडला की नाही, धुरपताबाईला ठाऊक नाही. विचारायची तिला छाती होत नाही. आबासाहेब जेवतात, शेतावर जातात, वाकताना एक हात मांडीवर ठेवतात. त्या दुपारबद्दल घरात कुणी बोलत नाही. पोतं ओसरीतच आहे, तोंड बांधलेलं. लिंबाजीला ते कणगीत ओतायला कुणी सांगितलं नाही.

सारजाबाई रोज सकाळी येते. तिला कुणी ये म्हटलेलं नाही, येऊ नको असंही म्हटलेलं नाही. बोरीत आता चौघीजणी तिला पाय द्यायला बोलावून गेल्या. सगळ्यांना तिने सांगितलं, गुडघा दुखतो.

आज ती आली तेव्हा चतुराने वाकळेची घडी स्वतःच घातली होती आणि उजव्या कुशीवर निजली होती, डावा हात डोक्यावरून लांब. सारजाबाईने तेल तळव्यात घेतलं, तळवे एकमेकांवर घासून ऊन केले आणि कुशीवर ठेवले.

"घे."

आत.

बाहेर अंगणात वहाणा वाजल्या. आबासाहेबांच्या. ओसरीवर चढल्या. पोत्यापाशी थांबल्या.

सारजाबाईच्या हाताखालचा श्वासही थांबला. दोघी दाराकडे बघत राहिल्या.

"सोड, माय," सारजाबाई हळूच म्हणाली. "श्वास कोंडू नको. ते काहीबी करू दे, तू श्वास कोंडू नको."

वहाणा अजून तिथेच होत्या.